क्योतोच्या उन्हाळ्यातली गारव्याची मिठाई

३० जूनला क्योतोत असाल तर सकाळीच मिठाईचं दुकान गाठा. त्या दिवशी घरोघरी मिनाझुकी खातात आणि नावाजलेल्या दुकानांतली लवकर संपते. पिठात साखर घालून वाफवलेली पांढरी त्रिकोणी वडी, वर गोड शिजवलेल्या अझुकीचा, म्हणजे चवळीसारख्या लाल कडधान्याचा थर. पोत आपल्या तांदळाच्या उकडीसारखा, फक्त जास्त चिवट. हा त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा. पूर्वी हिवाळ्यातला बर्फ डोंगरातल्या बर्फघरांत साठवून उन्हाळ्यात राजदरबारी नेत. सामान्यांना तो कुठून मिळणार? म्हणून त्यांनी बर्फाच्या आकाराची मिठाई केली, असं सांगतात. अझुकीमुळे इडापिडा टळते ही श्रद्धा. त्याच दिवशी देवळांमध्ये गवताच्या मोठ्या कड्यातून जाऊन सरत्या सहा महिन्यांचं पाप झटकतात. कामिगामो देवळात रात्री कागदी बाहुल्या ओढ्यात सोडतात, तेही चुकवू नका.

मला मात्र सगळ्यांत भावली ती कुझुकिरी. गिओनमधल्या शिजो रस्त्यावर कागिझेन योशिफुसा हे जुनं दुकान आहे. आत बसून मागवायची, कारण ती तेव्हाच करून देतात. कुझु नावाच्या वेलीच्या मुळातलं सत्त्व पाण्यात कालवून शिजवतात आणि रुंद पट्ट्या कापतात. डब्यात बर्फाच्या पाण्यात त्या इतक्या पारदर्शक असतात की आधी नुसतं पाणीच दिसतं. चॉपस्टिकने पट्टी उचलली की ती थरथरते, निसटते. काळ्या साखरेच्या पाकात बुडवून तोंडात घातली की घशाखाली गार सरकते. फोटो काढत बसू नका, थोड्या वेळात पट्ट्या पांढरट होतात आणि मजा जाते. सोमवारी दुकान बंद असतं.

तिथून केइहान रेल्वेने देमाचियानागीला जा. पूल ओलांडला की देमाची फुताबा. रांग लांब असते, पण भराभर सरकते. त्यांचं मामेमोची, म्हणजे खारट लाल वाटाणे घातलेला चिकट तांदळाचा गोड गोळा, बारमाही मिळतं, ते घेऊन नदीकाठी बसा; घारींपासून जपा, त्या हातातलं उचलतात. मंगळवारी इथे जाऊ नका. जुलैच्या उत्तरार्धात आलात तर जवळच्या शिमोगामो देवळातला मितारशी उत्सव गाठा. लोक गार झऱ्याच्या पाण्यात गुडघाभर चालतात. मितारशी दांगो, म्हणजे काडीवर ओवलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, यांचं मूळही इथलंच मानतात. तळ्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यांसारखा पहिला गोळा काडीवर बाकीच्यांपासून थोडा वेगळा ठेवतात.

शाकाहाऱ्यांनी बिनधास्त जावं. मिझु योकान, म्हणजे अझुकीची मऊ गार वडी, समुद्री शेवाळापासून केलेल्या कानतेनने जमवतात, म्हणजे आपलं चायना ग्रासच. त्यात दूधतूपही नसतं. सांभाळायचं ते आयु माशाच्या आकाराच्या गोडापासून: मासा नसतो, पण बाहेरच्या पोळीत अंडं असतं. शंका आली तर ‘तामागो हाइत्ते इमासुका?’ असं विचारा, म्हणजे अंडं आहे का ते कळेल. नव्या पद्धतीच्या जेलीत जिलेटिन असू शकतं, तेही विचारून घ्या.

घरी आणायचं तर यातलं काहीच टिकत नाही. मिनाझुकी त्याच दिवशी संपवावी. घरी न्यायला तोराया या दुकानाचं घट्ट, पाकीटबंद योकान घ्या. ते फ्रिजशिवाय महिनोन्महिने राहतं. छोट्या वड्या घ्या, म्हणजे वाटायला सोप्या पडतात.