तुम्ही विचारलंत म्हणून: बौद्ध असून मासे खाता?

हा प्रश्न बहुतेक वेळा डबा उघडल्यावरच येतो. "मॅडम, तुम्ही बौद्ध ना? मग अहिंसेचं काय?" विचारणाऱ्याची नजर माझ्या डब्यातल्या बांगड्यावर असते. काही जणांना खरंच जाणून घ्यायचं असतं. काहींना मात्र 'तुमच्याकडे' काय शिजतं याची चौकशी करायची असते, आणि तो रोख ओळखायला मला वेळ लागत नाही. तरी पहिल्या प्रकारचे लोक पुष्कळ भेटतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

संघातल्या देवदत्त नावाच्या भिक्षूने बुद्धांपुढे पाच मागण्या ठेवल्या होत्या. भिक्षूंनी जन्मभर अरण्यात राहावं, झाडाखालीच झोपावं वगैरे, आणि मासे-मांस खाऊ नये ही त्यातलीच एक. बुद्धांनी सक्ती करायला नकार दिला; ज्याला पाळायचं त्याने खुशाल पाळावं. राजगृहाचा वैद्य जीवक याच विषयावर बोलायला आला तेव्हा त्यांनी सांगितलं, की प्राणी आपल्यासाठी मारलाय हे पाहिलं, ऐकलं किंवा तशी नुसती शंका आली, तरी भिक्षूने ते मांस घेऊ नये. एरवी पात्रात पडेल ते खावं. पुढे महायान या बौद्ध पंथातल्या लंकावतार सूत्राने मांसाहाराचा कडक निषेध केला आणि चीनमधले भिक्षू शाकाहारी झाले. तिबेटात उंचीमुळे भाजीपालाच फारसा पिकत नाही, तिथले भिक्षू मांस खात आले. म्हणजे 'बौद्ध म्हणजे शाकाहारी' असं सरसकट कधीच नव्हतं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही हे आहे. मांस खाणार नाही असं नाही. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन हे मात्र आहे.

(दारूचं बाहेरचे लोक सहसा विचारत नाहीत. ते आमच्या विहारातल्या आजी विचारतात, चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी, एकेकाचं नाव घेऊन.)

आता यात एक अडचण आहे, तीही सांगते. उपासकाने, म्हणजे संसारी बौद्धाने, कोणते धंदे करू नयेत याची यादी अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे: शस्त्रांचा, माणसांच्या खरेदी-विक्रीचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. मांस विकणं नको, मग विकत घेणं कसं चालतं? मी घेते म्हणूनच कोणीतरी कापतो. याचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांनी मांसाहार सोडला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी सोडलेला नाही.

पण सुत्तनिपात या पाली ग्रंथात आमगन्ध सुत्त आहे, आणि माझा खरा मुद्दा तिथून सुरू होतो. गौतम बुद्धांच्या आधी होऊन गेलेल्या कस्सप नावाच्या बुद्धांना एक तपस्वी ब्राह्मण टोकतो, की तुम्ही पक्ष्याच्या मांसाबरोबर भात खाता आणि वर म्हणता मला आमगंध, म्हणजे कच्च्या मांसाची दुर्गंधी, चालत नाही. कस्सप त्याला यादीच ऐकवतात. जीव घेणं, मारहाण, चोरी, खोटं बोलणं, फसवणूक, परस्त्रीकडे जाणं: याला म्हणतात दुर्गंधी, मांस खाण्याला नाही. पुढच्या कितीतरी गाथांच्या शेवटी हेच पालुपद येतं. शीलाची खरी परीक्षा माझ्या डब्यात होत नाही. ती होते मी जिथे बसते त्या टेबलावर.

मी अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये आहे. मस्टर, पंचिंग, रजा, ओटी म्हणजे जादा तास, सगळं माझ्याकडून जातं. महिना संपत आला की ठेकेदाराचा माणूस येऊन उभा राहतो: "मॅडम, हेल्परांचे एवढे तास दाखवू नका, उरलेले आपण इन्सेंटिव्हमध्ये बसवू." कायद्याप्रमाणे जादा तासाला दुप्पट दर आहे, आणि इन्सेंटिव्हमध्ये तोच तास एकपट दरात भागतो. कागदावर सगळं नीटनेटकं दिसतं. ज्या पोराने दुसरी पाळी ओढलेली असते त्याला पगाराची चिठ्ठी वाचता येते, पण 'अटेंडन्स इन्सेंटिव्ह' म्हणजे आपल्याच घामाचे अर्धे पैसे, हे त्यावरून कळत नाही.

मी काय करते? पंचिंगमध्ये जेवढे तास आहेत तेवढे मस्टरवर लिहिते, आणि दुप्पट दराने होणारी रक्कम बाजूच्या रकान्यात मांडून फाइल वर पाठवते. वरचा साहेब ती कापतो की ठेवतो, त्यावर सही त्याची. काही महिन्यांत ठेवतो, काही महिन्यांत कापतो. याला कोणी शौर्य म्हणू नये. नोकरी टिकवून माझ्या हातून जेवढं खोटं थांबतं तेवढं मी थांबवते. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलणार नाही, हे विहारात म्हणायला काही सेकंद लागतात; अठ्ठावीस-एकोणतीस तारखेला ते फार लांबतं.

हे सुचलं कुठून, तर सिगालोवाद सुत्तातून. राजगृहाच्या एका गृहस्थाचा मुलगा सिगाल पहाटे ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत असतो, कारण मरताना वडील तसं सांगून गेलेले. बुद्ध त्याला म्हणतात, दिशांना नमस्कार असा नसतो. पूर्वेला आई-वडील, दक्षिणेला गुरू, पश्चिमेला बायको-मुलं, उत्तरेला मित्र, वर श्रमण-ब्राह्मण, आणि खालच्या दिशेला दास आणि कामकरी. या खालच्या दिशेची सेवा मालकाने पाच प्रकारे करायची: ताकद पाहून काम द्यायचं, जेवण आणि वेतन द्यायचं, आजारपणात काळजी घ्यायची, चांगलंचुंगलं आलं की त्यांच्याबरोबर वाटून खायचं, आणि वेळेवर सोडायचं. मालकाच्या कर्तव्यांत वेळेवर सुट्टी! बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांसाठी जे नियम घेतले, त्यात मालक-नोकरांचे हे नियमही आहेत. त्याआधी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. मला हा एकच सलग विचार वाटतो. आमच्या कारखान्यात मात्र आठवड्याच्या ४८ तासांचा बोर्ड गेटवर आहे आणि त्याच्या खालूनच पोरं बारा-बारा तासांनी बाहेर पडतात.

ऑफिसात माझ्या वर साहेब आहे, म्हणून तिथे बोलणं सोपं आहे. घरी मीच साहेब. मावशी सकाळी भांडी, केर-फरशी करून जातात. बहीण देवगडहून आंब्याची पेटी पाठवते. आमच्या बिल्डिंगमध्ये पद्धत अशी, की पेटी आली की आधी घरच्यांनी खायचे, आणि तळाला डाग पडलेले उरले की ते पिशवीत घालून "मावशी, घेऊन जा, पोरं खातील." ते 'वाटून खायचं' वाचल्यापासून आमच्याकडे पेटी मावशींसमोर फोडतो आणि त्यांचे आंबे आधी बाजूला काढतो, हाताने दाबून, पिकलेले बघून. फार मोठी गोष्ट नाही. पण पहिल्या वर्षी माझ्या सासूबाई "अगं, चांगले चांगले?" असं म्हणाल्याच, आणि त्या रोज सकाळी त्रिसरण-पंचशील घेणाऱ्या बाई.

"विपश्यनेला जाऊन आलात का इगतपुरीला?" हा जोडप्रश्नही असतो. जाऊन आले, चांगलं वाटलं. तिथे दहा दिवसांच्या शिबिरात जवळजवळ सगळा वेळ मौन असतं आणि जेवणाची घंटा कोणीतरी दुसरं वाजवतं, त्यामुळे शील पाळायला कोणाची आडकाठी नसते.

आठवड्याची पगारी सुट्टी हा सध्याचा विषय आहे. मी मावशींना रविवार दिला, पैसे न कापता. मजल्यावरच्या बाकी चार घरांत त्याच काम करतात, त्यामुळे त्यांनी तिथेही तेच मागितलं. आता दोन घरांनी दिलाय, एका घराने महिन्यातून दोन रविवारांवर तडजोड केलीय, आणि चौथ्या घरच्या ताई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "तुम्ही रेट बिघडवताय." त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा खात नाहीत, आणि डब्यातल्या बांगड्याचा प्रश्न मला सर्वांत आधी त्यांनीच विचारला होता. हे उत्तर त्यांनाही पाठवणार आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये घरकामाच्या सुट्टीचा विषय घ्यावा असं मी सेक्रेटरींना लिहून दिलंय. अजेंड्यावर तो पार्किंगच्या नंतर आहे.