हायलंडचा कौल

5 मे 2022 रोजी स्कॉटलंडमधील 32 स्थानिक परिषदांसाठी मतदान झाले. त्यांपैकी डोंगर, सरोवरे आणि विरळ वस्तीच्या हायलंड परिषदेचा निकाल मला सर्वाधिक अभ्यासण्याजोगा वाटतो. 74 जागांपैकी स्कॉटिश नॅशनल पार्टीने 22 जिंकल्या, तर अपक्षांना 21 मिळाल्या. कोणालाच बहुमत नसल्याने या पक्षाने अपक्षांच्या गटाबरोबर सत्ता स्थापन केली. ऑर्कनी बेटांवर तर 21 पैकी 19 सदस्य अपक्षच निवडून आले.

स्कॉटलंडच्या स्थानिक निवडणुकांत 2007 पासून पसंतिक्रमाने मतदान होते. मतदार नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहितो; चार जागांच्या प्रभागात 5,000 वैध मते पडली, तर विजयाचा कोटा 1,001 ठरतो आणि त्यावरील अतिरिक्त मते पुढच्या पसंतीकडे वळतात. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत देणाऱ्यांना ही रीत परिचित आहे. सोळा वर्षांच्या मुलांनाही तेथे मताधिकार आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते, कारण गावातली शाळा आणि बस टिकणार की नाही, याची झळ त्यांनाच आधी बसते.