देशाचं नाव विचारू नका

संयुक्त राष्ट्रांच्या छळप्रतिबंधक उपसमितीबरोबर वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून मी एका देशातले तुरुंग पाहून आले. देश कुठला, ते सांगणार नाही. उपसमिती तिथे गेली होती हे काही गुपित नसतं. आत काय दिसलं ते मात्र असतं, आणि त्या सरकारने अहवाल प्रसिद्ध करायला अजून सांगितलेलं नाही.

तज्ज्ञांच्या यादीतून नाव निघालं म्हणजे काम पक्कं झालं असं नाही. ते नाव त्या सरकारला कळवतात. छळविरोधी कराराला जोडलेल्या २००२ च्या ऑप्शनल प्रोटोकॉलनुसार, म्हणजे ज्या पूरक करारावर ही उपसमिती चालते त्यानुसार, सरकार एखाद्या तज्ज्ञाला नको म्हणू शकतं. ज्याची तपासणी त्यालाच ही मुभा? मला ते पटलं नव्हतं. पण पुढची कलमं वाचली तेव्हा सौदा कळला. कुठला तुरुंग, कुठली कोठडी, कुठला कैदी, हे सगळं आम्ही ठरवायचं आणि बोलणं एकांतात व्हायचं.

प्रत्यक्षात अधीक्षकांनी काही कैदी आंघोळ घालून आधीच बसवून ठेवले होते. आमच्या प्रमुखांनी आभार मानले आणि थेट मागच्या बराकीकडे वळले.

तिथला एक जण बराच वेळ फक्त दाढदुखीबद्दल बोलत राहिला. दारातला पहारेकरी लांब गेल्याची खात्री झाली तेव्हा त्याने बाह्या वर केल्या. दोन्ही मनगटांभोवती जुने, कडेला काळपट पडलेले वण. छळाच्या खुणा कशा तपासायच्या आणि नोंदवायच्या हे सांगणाऱ्या इस्तंबूल प्रोटोकॉलप्रमाणे मी 'छळ झाला' असं लिहून मोकळी होत नाही. तो सांगतो ती हकीकत आणि ही खूण कितपत जुळते, एवढंच नोंदवते. वहीत नाव नाही, फक्त खूणक्रमांक. त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याची व्यक्तिगत माहिती कुठेही छापता येत नाही.

त्यानंतर त्याच बराकीतल्या कितीतरी जणांना मी आत बोलावलं, प्रत्येकाला तेवढाच वेळ दिला, रक्तदाब मोजला. अर्ध्यांना काही सांगायचंच नव्हतं. पण बाहेर बसलेल्यांना बोललं कोण याचा पत्ता लागू नये, म्हणून हा खटाटोप. आमच्याशी बोलल्याबद्दल कुणाला शिक्षा करायची नाही असं ऑप्शनल प्रोटोकॉलचं कलम १५ सांगतं खरं, पण आम्ही विमानात बसल्यावर कलम कोठडीत पहारा देत नाही.

दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये 'पडून लागले' ही नोंद एकाच अक्षरात पानोपान होती. अधिकाऱ्यांबरोबरच्या शेवटच्या बैठकीत आम्ही मनगटं काढली नाहीत, रजिस्टर काढलं. त्यात कुणा एकाचं नाव पुढे येत नव्हतं.

अहवाल सरकारकडे गुप्तपणे जातो. सरकारने सहकार्यच नाकारलं, तर संयुक्त राष्ट्रांचीच छळविरोधी समिती जाहीर निवेदन काढू शकते किंवा अहवालच प्रसिद्ध करू शकते. युरोपातले तुरुंग तपासणाऱ्या युरोप परिषदेच्या छळप्रतिबंधक समितीने असं जाहीर निवेदन पहिल्यांदा १९९२ साली तुर्कस्तानबाबत काढलं. पण ते शेवटचं हत्यार. एकदा वापरलं की पुढच्या वेळी दार उघडेलच असं नाही.

कैद्याचं नाव झाकण्याबद्दल माझा काहीच वाद नाही. सरकारने अहवाल दाबून बसणं मात्र मला खटकतं. युरोपातल्या काही देशांनी अहवाल आपोआप प्रसिद्ध व्हायला आधीच संमती देऊन ठेवली आहे. मी गेले त्या सरकारनेही तेवढं करायला हरकत नाही.