तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सोडून गाळा टाकू का?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण कारखानी पट्ट्यात दहा-बारा वर्षं काढलेले सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारे), सुपरवायझर हमखास विचारतात: पगार 45 हजार आहे, सोडून स्वतःचं व्हीएमसी (धातूचे सुटे भाग कापून घडवणारं संगणकी मशीन) टाकू का? बरोबरीचे कुठल्या कुठे गेले म्हणे. कुठे गेले ते आधी कागदावर मांडू.

मशीन समजा 25 लाखांचं, वर जीएसटी साडेचार लाख. बँकेने 20 लाख दिले, तर 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण 43,500. गाळ्याचं भाडं 20 हजार, दोन ऑपरेटर 44 हजार, वीज 20, टूल-इन्सर्ट-कूलंट 20. झाले 1,47,500. ताशी 400 रुपयांनी महिन्याला 500 तास काम मिळालं, तर बिल दोन लाखांचं. उरले 52,500. पगारापेक्षा जास्त! इथेच लोक राजीनामा लिहायला बसतात.

पण सुपरवायझरचं काम तुम्हीच करताय, त्याचे 45 हजार वजा करा. घरचे घातलेले साडेनऊ लाख आणि तीन महिन्यांच्या उधारीत अडकलेले साडेचार लाख 7 टक्क्यांनी ठेवले असते, तर महिन्याला आठेक हजार व्याज आलं असतं. तेही वजा करा. खाली शिल्लक काहीच नाही. मालकाने स्वतःला नोकरीवर ठेवलं, तेही पीएफ-ग्रॅच्युइटीशिवाय. कर्जाचं मुद्दल फिटतंय म्हणाल, तर तोवर मशीनही झिजतं.

पहिलं वर्ष मात्र फसवं असतं. मशीनवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, बिलावरच्या जीएसटीचे दरमहा 36 हजार त्यातून वळते होतात. वर्षभरात ती संपली की दर 20 तारखेला जीएसटी रोख भरा, पार्टी (म्हणजे काम देणारी कंपनी) 90 दिवसांनी पैसे देणार असली तरी. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, असा कायदा आहे. पण ज्याची पार्टीच एक, तो तक्रार करणार कुणाविरुद्ध?

म्हणून कोण यशस्वी, हे मी मशिनं मोजून ठरवत नाही. मालक दरमहा स्वतःचा पगार उचलतो का आणि सर्वांत मोठ्या पार्टीने काम काढून घेतलं तर हप्ता निघेल का, एवढंच बघतो. या हिशेबाने चांगल्या पगाराचा सेटर कित्येक मालकांच्या पुढे आहे.

तरी करायचंच असेल तर मशीन शेवटी घ्या. आधी दोन पार्ट्या जोडा, ओळखीच्या गाळ्यात तासावर मशीन घेऊन त्यांचे जॉब काढा, रिजेक्शन आणि पैसे यायला लागणारे दिवस वहीत लिहा. नेमणूकपत्रात जोडधंद्याला मनाई आहे का, ते मात्र त्याआधी वाचा.