आमची वाटचाल: जाळीचं कॅबिनेट आणि थंड कार्ड

आम्ही कॉम्प्युटर जोडायचा आणि दुरुस्तीचा धंदा सुरू केला तेव्हा कॅबिनेटमधल्या हवेबद्दल गिऱ्हाईक काही विचारत नसे, आणि ते चालूनही जायचं. २०१६ मधलं जीटीएक्स १०८० हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं) १८० वॉटचं, १०६० तर १२० वॉटचं. पुढे एक आणि मागे एक १२० मिमी फॅन लावला की भागायचं. २०१८ मध्ये ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०-मालिकेच्या स्वतःच्या कार्डांवरून ब्लोअर काढला आणि दोन उघडे फॅन बसवले. ब्लोअर, म्हणजे बंदिस्त खोक्यातला फॅन, गरम हवा मागच्या पट्टीतून बाहेर फेकायचा. उघड्या फॅनचं कार्ड ती कॅबिनेटमध्येच सोडतं. कार्डाचा आवाज कमी झाला, पण उष्णता बाहेर काढण्याची जबाबदारी जोडणाऱ्याच्या गळ्यात पडली. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं ते थेट ३२० वॉटचं.

नेमकं तेव्हाच आमच्या एका मोठ्या स्पर्धकाने काचेच्या दर्शनी भागाची, रंगीत दिव्यांच्या सहा फॅनची कॅबिनेटं बाजारात आणली. आमच्या काळ्या जाळीच्या कॅबिनेटांना तो गिऱ्हाइकांसमोर ‘जुनाट डबे’ म्हणायचा. त्याच काळात नवी कार्डं मिळेनाशी झाली होती, बरीच क्रिप्टोवाल्यांकडे (कार्डांवर गणितं चालवून आभासी चलन मिळवणाऱ्यांकडे, म्हणजे मायनिंगला) जात होती. ऑर्डर आटल्या. भाडं थकलं, माणसं कमी करावी लागली, शटर कायमचं ओढायचं की काय, इथपर्यंत वेळ आली. हलक्या मालाने हरवलं असं कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, हरवलं ते दिखाव्याने. त्या कॅबिनेटांचं दुखणं उघड होतं. काचेमागे तीन फॅन, आणि हवा आत यायला कडेने बोटभर फट. फॅन मोठमोठ्याने घुमतो, पण ओढायला हवाच नसते.

हिशेब साधा आहे, आणि तो आम्ही प्रत्येकाला करून दाखवायचो. कार्ड आणि प्रोसेसर मिळून ५०० वॉट उष्णता टाकतात असं धरा. आतून जाणारी हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू नये असं वाटत असेल, तर सेकंदाला साधारण ४० लिटर हवा खेळती हवी. खोक्यावर छापलेला फॅनचा आकडा मोकळ्या हवेतला असतो; गाळणी आणि जाळी आली की तो बराच खाली येतो. म्हणून पुढे तीन आणि मागे एक ही आमची ठरलेली मांडणी. छताला पुढच्या बाजूने बाहेर ओढणारा फॅन लावू नका. आत आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोहोचायच्या आधीच तो पळवतो. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही.

त्या पडत्या काळात एक गिऱ्हाईक आम्हाला सोडून गेलं नाही. इमारतींची त्रिमितीय चित्रं करणारे गृहस्थ, रात्र रात्र रेंडर, म्हणजे चित्र तयार होण्याचं काम, चालायचं. त्यांचं ३०९० कार्ड. त्यात मेमरीच्या २४ चिप असतात, १२ पुढे आणि १२ पाठीवर. पाठीवरच्या चिपना फक्त बॅकप्लेटचा, म्हणजे पाठीवरच्या पत्र्याचा, आधार. गाभा, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, ७० अंशांवर निवांत, आणि मेमरी ११० ला टेकून वेग कमी करतेय, असा प्रकार. इतरांनी त्यांना नवं कार्ड घ्यायला सांगितलं होतं. आम्ही पॅड (चिपची उष्णता धातूकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलले आणि बॅकप्लेटवर हवा सोडणारा एक फॅन लावला. ते अजूनही आमच्याकडेच येतात, आणि त्यांनी पाठवलेल्या माणसांवर आमची दोन वर्षं निघाली.

पॅड बदलणं हे घाईचं काम नाही. आमच्या बाकावर व्हर्नियर कॅलिपर स्क्रूड्रायव्हरच्या शेजारीच असतो, कारण त्याच्याशिवाय कार्ड उघडणं म्हणजे अंदाजाने चष्मा करणं. मूळ पॅड १, १.५ की २ मिमी, हे प्रत्येक जागी मोजा, आणि मोजताना दबलेला भाग धरू नका. पॅड जाड झाला तर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, गाभ्यापासून उचलला जातो. मेमरी थंड दिसते आणि हॉटस्पॉट, म्हणजे गाभ्यावरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान, चढतो. पातळ झाला तर नेमकं उलटं. उघडण्याआधी कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, मग पूर्ण बंद करून काढा. गाभा आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट मऊ होते, आणि हीटसिंक ओढण्याऐवजी किंचित फिरवून सुटतो. फॅनच्या बारीक वायरी आधी सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गाभ्याभोवतीचे चार स्क्रू तिरपे, थोडे थोडे करून आवळा. नंतर गाभा आणि हॉटस्पॉट यांच्यातला फरक बघा: १० ते १५ अंश ठीक, ३० च्या आसपास गेला तर परत उघडा.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंग बंद केलं आणि वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. दुरुस्तीचं काम इतकं आलं की धंदा पुन्हा उभा राहिला. पुढची वर्षं नीट गेली.

तो स्पर्धक आज जाळीची कॅबिनेटं विकतो आणि ‘हवेशीर मांडणी ही आमची खासियत’ असं लिहितो. त्याचीच काचेची मशीनं आमच्याकडे दुरुस्तीला येतात. आम्ही प्रत्येकाची तपासणी एकाच रीतीने करतो, घरीही करता येते. खोलीचं तापमान लिहून घ्या, कारण खोली तीन अंश तापली की कार्डही जवळपास तितकंच तापतं. अर्धा तास एकच भार चालवा. कार्डाचं तापमान आणि फॅनचे फेरे नोंदवा. मग पुढचं पॅनेल काढून तेच पुन्हा. पाच-सहा अंश उतरले तर गळा पॅनेलने दाबलाय. काही फरक पडला नाही तर दोष कार्डाच्या पेस्टमध्ये किंवा धुळीत शोधा. धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवा, जोराच्या हवेने फॅन भलताच वेगाने फिरून बेअरिंग जातं.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मदरबोर्ड कॅबिनेटचे फॅन सहसा प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो. गेममध्ये प्रोसेसर निवांत, कार्ड शिजतंय, आणि पुढचे फॅन झोपलेले. फॅनकंट्रोलसारखं सॉफ्टवेअर घेऊन पुढच्या फॅनना कार्डाचा सेन्सर द्या: ५० अंशांपर्यंत संथ, ७० ला जवळपास पूर्ण, आणि मध्ये तीन-चार अंशांची ढील, म्हणजे आवाज सारखा वरखाली होत नाही. त्यानंतर कार्डाची वीजमर्यादा १० ते १५ टक्के खाली आणून बघा. गेमच्या फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) फारशा कमी होत नाहीत, उष्णता मात्र तितकीच कमी होते. कार्ड उभं लावायचा मोह झाला तर काच आणि फॅन यांच्यात किती अंतर उरतं ते आधी मोजा. दोन बोटांपेक्षा कमी असेल तर आडवंच राहू द्या.