आषाढातलं खिमा पॅटीस

कोल्हापुरात शाहूपुरीतली कामं आवरेस्तोवर चार वाजले, जेवणाची वेळ कधीच टळलेली. वरनं पावसाची झड. राजारामपुरीत बेकरीसमोर गाडी लावली आणि खिमा पॅटीस सांगितलं. "गरमच द्या हां काका." "आत्ताच ट्रे निघालाय, दम खा जरा!"

दम कुठला! पहिल्याच घासाला वरचे पापुद्रे सगळे रेनकोटवर. पॅटीसचं सगळं मर्म या पापुद्र्यांतच आहे बघा. मैद्याच्या पोळीत लोणी नाहीतर मार्गारिन घालून घडी घालायची, लाटायचं, परत घडी. भट्टीत पाण्याची वाफ झाली की थर सुटे होऊन फुगतात. म्हणून तर गार पॅटीस मायक्रोवेव्हात घातलं की त्याचं चामडं होतं. तसलं कुणी दिलं तर सरळ परत करावं.

आतला खिमा कोरडा, मिरी अन् आलं-लसूण पुढं, कांदा बेताचा. ओलसर असता तर तळ भिजून लगदा झाला असता.

तांबड्या-पांढऱ्याच्या गावात मटण म्हणजे वाटीवर वाटी रस्सा ओरपायचा. त्यामुळं असलं उभ्यानं खायचं सुक्कं मटण आमच्या घरात 'टाइमपास' समजतात. समजू देत. सॉस मात्र नको, त्या गोड लाल पाण्यानं खिम्याची चव मरते. सोबत अर्धा चहा, बास. नाद खुळा!

श्रावण तोंडावर आलाय आणि आमच्याकडं महिनाभर कडक पाळतात. म्हणून वहिनींसाठीही एक बांधून घेतलंय. घरापर्यंत पोचेल असं वाटत नाही.