दुसऱ्याच्या भिंतीला पाणी

"हे घर माझं नाही हो, माझं पलीकडचं. तिथे अजून पायाच भरायचाय."

गरजू कुटुंबांची घरं बांधायच्या कामाला मी एका दिवसासाठी हौसेने गेलो होतो. तिथे ताज्या भिंतीवर पाणी मारणारी बाई हे इतक्या सहज बोलली की मी हातातली घमेली धरून तसाच उभा राहिलो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून तिने फवारा केला होता आणि विटांच्या सांध्यांत पाणी मुरतंय का, ते वाकून बघत होती. दुसऱ्याच्या घराचे सांधे!

अशी घरं फुकट दिली जातात, असं बऱ्याच जणांना वाटतं. १९७६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या घरबांधणी संस्थेची पद्धत बघा: कुटुंबाने स्वतः बांधकामावर राबायचं, शिवाय परवडेल असा हप्ताही फेडायचा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर तर नव्वदी ओलांडल्यावरही तिथे कामाला जायचे.

आम्ही हौशी मंडळी एक दिवस येतो, विटा उचलतो, फोटो काढतो (मीही काढला) आणि निघतो. भिंतीला मात्र निदान आठवडाभर रोज पाणी लागतं. सांडपाण्याची लाईन, जमिनीची कागदपत्रं यांचंही तेच. त्यासाठी वर्गणी मागितली की लोक घड्याळ बघतात.

तुमच्यापैकी कुणी अशा कामाला सलग आठवडाभर जाऊ शकलंय का? नोकरी सांभाळून कसं जमवलंत?